गणपतीतली शाबासकी: मुलाला बळ देते की पांगळं करते?

खाडीकाठ:
चाकरमानी गणपतीला आले की ओटीवर मुलाला हाक मारतात, टक्के विचारतात, 'झील हुशार आसा' म्हणत हातावर पाचशेची नोट ठेवतात. हे थांबायला हवं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली ३ ते ५ वर्षांची, चित्रं मुळातच आवडणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढा, प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांकडे वळली. 'हुशार' शिक्क्याचंही तेच. म्युलर आणि ड्वेक (१९९८) यांनी पाचवीतल्या मुलांची आकृत्यांची कोडी सोडवून घेतली. 'हुशार आहेस' ऐकलेली मुलं मुद्दाम दिलेल्या अवघड फेरीत आपटली आणि पुढच्या सोप्या फेरीतही मागे पडली. 'मेहनत घेतलीस' ऐकलेली सुधारली.

रापणकर:
असहमत. १९७३ चा प्रयोग तुम्ही अर्धाच मांडलात. तेच प्रशस्तिपत्र काहींना अचानक मिळालं, त्यांची ओढ घटली नाही. घात केला तो आधी घातलेल्या अटीनं. शिवाय ज्याची मुळात ओढच नाही, उदाहरणार्थ पाढे, तिथे बक्षिसानं सुरुवात करून दिली तर बिघडलं काय?
रापण बघा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. दोर ओढायला हात लावलेल्या पोराला शेवटी टोपलीतून चार बांगडे मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा किनाऱ्यावर हजर. त्या वाट्यात तुझा हात कामी आला, तू आमच्यातला, ही पावती असते. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ माणसाच्या ज्या तीन गरजा सांगतात (स्वतःहून करणं, जमतंय असं वाटणं, आपलेपणा), त्या तिन्ही भागतात. आणि ड्वेकच्या मांडणीचा फार गाजावाजा नको. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर 'बुद्धी वाढवता येते' हा छोटा पाठ तपासला, तेव्हा मागे असलेल्या मुलांच्या श्रेणीत चारच्या पट्टीवर जेमतेम ०.१० ची भर पडली.

खाडीकाठ:
अचानक बक्षिसाचा मुद्दा मान्य. पण दरवर्षी गणपतीत मिळणारी नोट अचानक कशी? तिसऱ्या वर्षी मूल तिची वाटच बघतं, म्हणजे अट आपोआप लागू.

केवडा:
तुम्ही दोघंही वय विसरताय. साधारण सात वर्षांपर्यंत मूल स्वतःला वाढवूनच मापतं, नोट दिली काय नि न दिली काय. तुलना त्यानंतर मनात घर करते. खरा कडा आठवीत आहे. वाडीवरच्या शाळेचा पट बारा, मुलगी पहिली. तालुक्याच्या हायस्कुलात चाळिसांत अठरावी. समज तेवढीच, पण 'मला गणित येत नाही' हे वाक्य दिवाळीपर्यंत तोंडात बसतं. हर्बर्ट मार्श यांनी १९८७ साली हेच दाखवलं: आजूबाजूचे जितके वरचढ, तितकं स्वतःबद्दलचं मत खाली.
करायचं काय? पहिली चाचणी लागली की नंबर विचारू नका. जूनची वही आणि ऑक्टोबरची वही शेजारी ठेवा, कोणत्या प्रकारची चूक थांबली ते मुलालाच शोधू द्या. आणि गावातलं नमन (कोकणातलं लोकनाट्य), भजन, पोहणं आठवी आली म्हणून बंद करू नका. बहुतेक घरं नेमकं हेच करतात. मग गणित घसरलं की मुलाकडे स्वतःबद्दल चांगलं म्हणायला काही उरतच नाही.

रापणकर:
वह्यांचं पटलं. नमनाबद्दल सावध. थॉमस आणि चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा मागोवा घेतला. त्यांत सुमारे १५ टक्के मुलं हळूहळू रुळणारी होती. अशा मुलाला थेट नमनातल्या संकासुराच्या सोंगापुढे ढकललं की ते वर्षभर मांडवाकडे फिरकत नाही. आधी मृदंगाशेजारी नुसतं बसू द्या, मग झांज, मग मागच्या कोरसात, मग एक ओळ. प्रत्येक पायरीला चार-पाच रात्री. पायरी चुकवली तर मागची पुन्हा.

खाडीकाठ:
आणि तोवर 'लाजाळू' म्हणून ओळख करून देऊ नका. स्वभाव पंधराव्या वर्षी पक्का होत नाही. रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९२ अभ्यास एकत्र केले. जबाबदारपणा आणि मनाची स्थिरता सर्वांत जास्त वाढते ती २० ते ४० मध्ये.

केवडा:
सरासरी वाढते, क्रम फारसा हलत नाही. वर्गात सर्वांत धांदरट असलेला चाळिशीतही बरोबरीच्यांत मागेच असण्याची शक्यता जास्त. म्हणून 'मोठेपणी सुधारेल' म्हणत सोडू नका. दप्तर रात्रीच भरायची सवय लावायला तिसरी-चौथी हेच वय.