नागीण: कांजिण्यांचा विषाणू इतकी वर्षे दडतो कसा?

पंचवटीकर (प्रश्न)
वडिलांना वयाच्या ७१ व्या वर्षी उजव्या कुशीत नागीण उठली. शेजारच्या आजींनी गेरू लावायला सांगून "दोन्ही टोके जुळू देऊ नका" असे बजावले. डॉक्टरांनी असायक्लोव्हिर दिले आणि हा लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू असल्याचे सांगितले. एवढा काळ तो प्रतिकारशक्तीच्या हाती लागला कसा नाही आणि त्या काळात त्याची जनुके काय करीत होती?

सूक्ष्मदर्शी, नाशिकरोड
हा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींत मुक्काम करतो. तेथे पेशीकेंद्रात त्याचा सुमारे १,२५,००० बेसजोड्यांचा डीएनए आपल्या पेशीतल्याच हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळला जातो आणि त्याची सुमारे ७० जनुके जवळजवळ सगळी बंद पडतात. २०१८ मध्ये संशोधकांनी सुप्तावस्थेतही बनणारी 'व्हीएलटी' ही आरएनए प्रत वर्णिली. ती ओआरएफ६१ या जनुकाच्या उलट दिशेने वाचली जाते आणि प्रयोगशाळेतील पेशींत त्यालाच दाबते. हे जनुक विषाणूच्या इतर जनुकांना चालना देणारे आहे. विषाणूची प्रथिने बनलीच नाहीत, तर पेशीच्या पृष्ठभागावर त्यांचे तुकडे येत नाहीत आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना संशय यावा असे काही दिसत नाही. शिवाय चेतापेशी विभागत नाहीत, त्यामुळे डीएनएच्या नकला काढण्याचीही गरज उरत नाही.

गोदाकाठ
एक पुरवणी. गप्प राहणे हे एकट्या विषाणूचे कर्तृत्व नव्हे. त्याच्या भाऊबंदाचे, म्हणजे ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिसचे, प्रयोग पाहा: संवर्धित चेतापेशींत एनजीएफ हा वृद्धिघटक पेशीवरच्या ट्रकए ग्राहीमार्फत पीआय३के-एकेटी हा पेशीतला संदेशमार्ग चालू ठेवतो, तोवर विषाणू शांत असतो. ही साखळी तुटली आणि जेएनके हा ताणाचा संदेशमार्ग चेतला, की हिस्टोनवरच्या, जनुके बंद ठेवणाऱ्या मिथाइल खुणा तशाच असूनही शेजारी फॉस्फेट बसतो आणि जनुके वाचली जाऊ लागतात. हे निष्कर्ष कांजिण्यांच्या विषाणूला जसेच्या तसे लावू नयेत, असे माझे मत आहे. याच कुळातल्या एप्स्टीन-बार विषाणूची तऱ्हा तर आणखी वेगळी: तो विभागणाऱ्या बी-पेशींत (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींत) राहतो, म्हणून आपला डीएनए गुणसूत्रांना बांधून ठेवणारे ईबीएनए१ प्रथिन त्याला बनवावेच लागते.

पंचवटीकर
मग औषधाने तो मुळासकट का जात नाही? आणि टोके जुळण्याचे काय?

सूक्ष्मदर्शी, नाशिकरोड
असायक्लोव्हिर विषाणूच्याच थायमिडीन कायनेज विकराने सक्रिय होते आणि डीएनएची नक्कल रोखते. सुप्त विषाणूत यांपैकी काहीच घडत नसते. टोकांची भीती बाळगू नका. पुरळ बहुधा एकाच गाठीच्या चेतातंतूंच्या पट्ट्यात उठते, म्हणून ते शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबते. घरात कांजिण्या न झालेले, लसही न घेतलेले लहान मूल असेल, तर फोडांवर खपली धरेपर्यंत त्याला आजोबांच्या कुशीत झोपवू नका.