मदत हवी आहे: फ्युएल पंपाचा रिकॉल आहे, पण पार्टच मिळत नाही

पेट्रोल गाडी आहे, फ्युएल पंपासाठी रिकॉलचं (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावल्याचं) पत्र येऊन ४ महिने झाले. टाकीतल्या पंपाचा प्लास्टिकचा इम्पेलर (पेट्रोल पुढे ढकलणारं फिरतं चाक) पेट्रोल शोषून फुगतो, कडेला घासतो आणि पंप अडकतो, असा दोष आहे. चेसिस नंबर टाकून पाहिलं, काम अजून 'बाकी' दाखवतंय. सर्व्हिस सेंटरचं उत्तर दर वेळी एकच: पार्ट आला की फोन करू.

आधी चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची बारीक गुणगुण यायची. आता घरघर येते, कधी काहीच आवाज येत नाही आणि गाडी तिसऱ्या-चौथ्या स्टार्टला लागते. गेल्या आठवड्यात ओव्हरटेक करताना पिकअपच गेला, मागे ट्रक होता. मुलं गाडीत होती, अजून धडधडतं.

फिल्टर बदलला, पंपाला करंट देणारा रिले आणि बॅटरी तपासली, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. स्कॅनरवर पी००८७ हा एरर कोड येतो, म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) प्रेशर कमी. लेखी तक्रार केली आहे, नंबरही मिळालाय. दुसरी गाडी नाही, त्यामुळे उभी करून ठेवणं अवघड आहे.

बाहेरून स्वतःच्या खर्चाने पंप बदलला तर रिकॉलखाली पैसे परत मिळतात का? कोणाला मिळाले असतील तर बिल, जुना पंप, स्कॅन रिपोर्ट यांपैकी काय काय मागितलं? आणि दुरुस्ती होईपर्यंत बदली गाडी कोणी मिळवली आहे का, लेखी नेमकं काय मागितलं होतं?