मदत हवी आहे : आत्याच्या मनगटांवर वळ, तक्रार कुठे करू?

माझी आत्या, वय ८१, डिमेन्शिया. दीड वर्षापासून पुण्याजवळच्या एका खाजगी केअर सेंटरमध्ये आहे. मूलबाळ नाही, बघणारी मी एकटीच.

गेल्या रविवारी तिला बांगड्या भरायला गेले तर दोन्ही मनगटांवर वळ, ओढणीच्या पिळाएवढे जाड. तिथल्या मावशी म्हणाल्या, "ताई, रात्री उठून चालायला लागतात. पडल्या तर आमच्यावर येतं." म्हणजे बांधतात! दुपारी चारलाही ती गाढ झोपलेली असते. गोळ्यांचा तक्ता मागितला तर "मॅडम आल्या की देऊ." मावशींवर राग नाही खरं तर, रात्री बावीस जणांना त्या दोघीच असतात.

वळांचे फोटो काढून ठेवलेत. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ माहीत आहे. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदाही चाळला, पण त्यात भर मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहखर्चावर. इथे तर समोर पैसे घेणारी संस्था आहे. मग समाजकल्याण, पोलीस की ग्राहक आयोग, आधी कुठे जाऊ?

भीती एवढीच की तक्रार केली की "घेऊन जा" म्हणतील. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शिवाय मी परत येईपर्यंत आत्या त्यांच्याच हातात.

बाहेरचा डॉक्टर नेऊन तिला तपासून घेता येतं का? असं कुणी केलंय? लेखी काय मागितलंत?