केळीच्या धाग्याचं मशीन कॉलेजात बनवलं, मालकी कोणाची?

रावेरची_लेक:
मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये केळीच्या खोडातून धागा काढायचं मशीन बनवलंय. खोडाचं बाहेरचं सोपट, म्हणजे थर, जाड, आतलं कोवळं; रोलर आणि पात्यातलं अंतर एकच ठेवलं की आतला धागा तुटतो. मी पात्यामागे स्प्रिंग बसवली, आता दोन्ही सलग निघतात. आमच्याकडे घड कापल्यावर खोडं उचलून टाकायलाही मजुरी द्यावी लागते. म्हणून कंपनी काढायचीच आहे. पण सर म्हणतात, वर्कशॉप कॉलेजचं तर मशीनही कॉलेजचं. पुढच्या महिन्यात प्रदर्शनात मांडायचंय. काय करू?

फैजपूर_वर्कशॉप:
ताई, आधी पेटंटचा अर्ज, मग प्रदर्शन. चारचौघांत उघडून दाखवलंस की नावीन्य गेलं, आणि नावीन्याशिवाय पेटंट नाही. तात्पुरत्या अर्जाची ऑनलाइन सरकारी फी एकट्या व्यक्तीला १,६०० रुपये. पूर्ण अर्जाला पुढे १२ महिने मिळतात.

जळगावचे_मास्तर:
बेटा, सरांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या स्टार्टअपसाठी केंद्राचं २०१९ चं धोरण आहे. संस्थेची साधनं भरपूर वापरली असतील तर हक्क संस्था आणि बनवणारा, दोघांचा. सुविधांच्या बदल्यात संस्थेने कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा, असं त्यात सुचवलंय. अख्खं मशीन कॉलेजचं, असं कुठेही नाही. मात्र ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, म्हणून तुमच्या कॉलेजने स्वतःचा काय नियम केलाय त्याची प्रत प्राचार्यांकडे लेखी अर्ज करून माग. तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस. पेटंटच्या अर्जावर कॉलेजचं नाव लावायचं की नाही, हेही तेव्हाच ठरव. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात इनक्युबेशन केंद्र, म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणारं केंद्र आहे, तिथेही जाऊन ये. आणि पैशाआधी लॅब माग. धाग्याची ताकद मोजलेला कागद हातात असला की गिऱ्हाईक बोलतं.

रावेरची_लेक:
सर, आभारी आहे. पण गाईड सर म्हणतात, पेटंटवर त्यांचंही नाव हवं.

जळगावचे_मास्तर:
स्प्रिंगची कल्पना कोणाची? तुझी असेल तर नुसतं गाईड असणं पुरत नाही. त्यांनी डिझाइनमध्ये खरी भर घातली असेल, तर मात्र नाव लावायलाच हवं. पोरांच्या कामावर आयतं नाव लागतं याची मला मनापासून चीड आहे, पण सरांशी भांडू नकोस. प्रोजेक्टच्या वहीत स्केच तारखेसकट असेलच. ते घेऊन बस आणि कोणाचं काय, हे दोघांच्या सहीने लिहून घे.

फैजपूर_वर्कशॉप:
शेतावर चालवून बघायला जागा लागली तर सांग ताई. आमच्याकडे खोडं पडूनच आहेत.