कामीनोच्या पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत ओलांडायचा, आई ६२ वर्षांची आहे, जमेल का?

पायवाट_पुणे
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होते, आज लिहितेच. मे महिन्यात आई आणि मी कामीनो दे सांतियागोचा (स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी ख्रिश्चनांची जुनी पायी यात्रा) सुरुवातीचा टप्पा चालायचा म्हणतोय, फ्रान्समधल्या सँ जाँ पिये द पोरपासून स्पेनमधल्या लोग्रोन्योपर्यंत, म्हणजे साधारण १६० किमी, सुट्टी १४ दिवसांचीच मिळतेय म्हणून पूर्ण नाही. प्रश्न पहिल्या दिवसाचा आहे. नकाशात बघितलं तर सँ जाँ १७० मीटरच्या आसपास, वरची खिंड १४३० मीटर, आणि मग खाली रोन्सेसवायेस ९५० मीटर, असं सगळं मिळून २५ किमी. आई दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालते, दिवे घाट चढते, दम चांगला आहे, पण उतरताना उजवा गुडघा दुखतो. तिला कुणीतरी या वाटेबद्दल सांगितलं तेव्हापासून तिने मनावर घेतलंय, म्हणते हीसुद्धा वारीच आहे. मला तिला नाही म्हणायचं नाहीये पण उगाच जिवावर बेतेल असंही काही करायचं नाहीये. आम्ही ख्रिश्चन नाही, तर चर्चमध्ये, मुक्कामाला काही अडचण येते का? आणि आम्ही दोघी शाकाहारी (अंडं चालतं). ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

घाटवाट
मी दोन वर्षांपूर्वी मे मध्येच केलंय, सांगतो. चढाई म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड दोनदा चढायचा, मध्ये न उतरता, असं धरा. पण दगडांचा चढ नाही, पहिले १५ किमी तर बहुतेक डांबरी अरुंद रस्ताच आहे. गावातून बाहेर पडलं की लगेच चढ सुरू, आणि सगळ्यात वाईट चढ सुरुवातीलाच, हुंत्तो नावाच्या वस्तीच्या आधी आणि नंतर, तिथे भलेभले थांबत थांबत जातात. ८ किमीवर ओरिसॉनचा रिफ्यूज (यात्रेकरूंच्या मुक्कामाची जागा) आहे, साधारण ८०० मीटर उंचीवर. तुमच्या केसमध्ये माझं स्पष्ट मत, पहिल्या दिवशी तिथेच मुक्काम करा. जवळजवळ निम्मा चढ तिथेच संपतो आणि दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी १७ किमी उरतात. त्याच्या पुढे रोन्सेसवायेसपर्यंत गाव नाही, दुकान नाही. सीझनमध्ये वर कधीकधी एक गाडी चहा-कॉफी, केळी घेऊन उभी असते पण तिच्या भरवशावर जाऊ नका, पाणी आणि डबा ओरिसॉनहून भरून घ्या.

ओरिसॉननंतर झाडं संपतात आणि मोकळी कुरणं लागतात, मेंढ्या, गळ्यात घंटा बांधलेले घोडे, डोक्यावर गिधाडं. वाटेत डावीकडे खडकांवर बियाकोरीची मेरी आहे, छोटी मूर्ती, लोक तिच्या पायाशी काय काय ठेवून जातात, फोटो, जपमाळा, दगड. तिथे वारा असा होता की टोपी हातात धरून चालत होतो. मग एक दगडी क्रूस येतो, तिथे डांबरी रस्ता सोडून उजवीकडे गवतातली वाट धरायची, धुक्यात हे वळण चुकतं म्हणून नीट बघा. फ्रान्समध्ये लाल-पांढऱ्या पट्ट्या, स्पेनमध्ये पिवळे बाण. रोलांच्या झऱ्यापाशी पाणी मिळालं, तिथून फ्रान्स-स्पेनची हद्द जवळच, पण हद्द म्हणजे गुरं अडवायची जाळी, पासपोर्ट बघायला कोणी नाही.

आता गुडघ्याचं. खरी परीक्षा चढात नाहीये, लेपोएदेर खिंडीनंतरच्या (तुझी ती १४३० मीटरवाली) उतारात आहे. तिथून दोन वाटा फुटतात. सरळ खाली बीच झाडांच्या जंगलातून जाते ती कमी अंतराची पण फार उभी, आणि पाऊस झाला असेल तर ओल्या पानांवरून पाय सटकतो. मी तिनेच उतरलो आणि पुढचे तीन दिवस मांड्या धरल्या होत्या. उजवीकडची इबान्येता नावाच्या दुसऱ्या खिंडीवरून जाते, थोडी लांब पण सौम्य. काकूंना उजवीकडूनच न्या. आणि दोन काठ्या हव्यातच. केबिन बॅगेत नेऊ देत नाहीत बऱ्याचदा, सँ जाँमध्ये मिळतात. सॅक पुढच्या मुक्कामी पोचवणारी सर्व्हिसही आहे, थोडे युरो देऊन सॅक पाठवा आणि पाणी, जॅकेट, खाऊ एवढंच पाठीवर घ्या, यात कमीपणा काही नाही.

आगाशीकर
वरचं सगळं बरोबर आहे, मी दुसरी बाजू सांगतो, हवामानाची. आम्ही वसईकडचे कॅथलिक, आमच्या आगाशीचं चर्चच सेंट जेम्सचं, म्हणजे ज्या सांतियागोच्या समाधीकडे ही वाट जाते त्याच संताचं. वडिलांची खूप वर्षांची इच्छा होती. एप्रिलमध्ये गेलो, ते तेव्हा ६८ वर्षांचे. आदल्या संध्याकाळी सँ जाँमधल्या यात्रेकरूंच्या ऑफिसात शिक्का घ्यायला गेलो तर तिथल्या स्वयंसेवक बाईंनी बाहेर नेऊन डोंगराकडे हात केला, वर नुसता काळा ढग, म्हणाल्या उद्या वरून जाऊ नका, खालच्या वाटेने, वालकार्लोस गावावरून जा. वडील खोलीवर येऊन बोलेचनात. त्यांना वाटलं खरी वाट हुकली.

पण ऐका, वालकार्लोसची वाटसुद्धा तितकीच जुनी यात्रेची वाट आहे. नदीच्या काठाकाठाने, गावातून, काही ठिकाणी गाडीरस्त्याच्या कडेने (तिथे जपून, वळणं आंधळी आहेत) आणि शेवटी जंगलातून सलग चढ, इबान्येता खिंडीपर्यंत, १०५७ मीटर. म्हणजे वरच्या वाटेपेक्षा जवळजवळ ४०० मीटर कमी. पाहिजे तर वालकार्लोस गावात मुक्काम करून दोन दिवसांत करता येते. आम्ही तेच केलं. खिंडीत पोचलो तेव्हा पाच पावलांवरचं दिसत नव्हतं. तिथे एक छोटं चॅपल आहे, पूर्वी त्या जागी मठ होता आणि धुक्यात वाट चुकणाऱ्यांसाठी तिथली घंटा वाजवत. मी वडिलांना हे वाचून दाखवलं. ते ओल्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभे होते, मग म्हणाले, बरं झालं इकडून आलो.

एक महत्त्वाचं, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च वरची वाट नवार्रा (स्पेनचा तिकडचा प्रांत) सरकार बंदच ठेवतं, दंडही होतो. तुम्ही मे मध्ये जाताय म्हणून प्रश्न नाही, पण मे मध्येसुद्धा हवा फिरते, सकाळी ऊन आणि दुपारी गारठा. ऑफिसवाले नाही म्हणाले तर नाही. फोनमध्ये ११२ लक्षात ठेवा.

ख्रिश्चन नसल्याचं मनात आणूच नका. क्रेडेन्शियल, म्हणजे शिक्क्यांचं पुस्तक, कोणालाही मिळतं. रोन्सेसवायेसच्या मोठ्या मुक्कामात १८३ खाटा आहेत, डच स्वयंसेवक चालवतात, बूट खाली काढून ठेवायचे आणि वर जायचं. संध्याकाळी चर्चमध्ये यात्रेकरूंची मिस्सा (सामूहिक प्रार्थना) असते, शेवटी सगळ्यांना पुढे बोलावून आशीर्वाद देतात, त्या दिवशी कुठल्या कुठल्या देशांचे लोक आलेत ते वाचतात. इंडिया ऐकल्यावर वडिलांनी माझा हात घट्ट धरला. फक्त प्रसादाची भाकर आमच्यात बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात, तेवढी रांग सोडा, आशीर्वादाला मात्र आईंना नक्की पुढे न्या.

माद्रिदची_माणसं
व्हिसाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. उतरणार फ्रान्समध्ये असलात तरी जास्त रात्री स्पेनमध्ये आहेत, म्हणून अर्ज स्पेनकडे करायचा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, डोंगरात चालणं त्यात कव्हर आहे का ते विचारून घ्या. फ्रान्समधल्या बायोन शहरातून सँ जाँला छोटी ट्रेन आहे, तासभर लागतो. खाण्यासाठी बटाट्याची तोर्तिया (जाड ऑम्लेट, अंडं असतं) सगळीकडे मिळते, सॅलड मागवताना "सिन आतून" म्हणा नाहीतर वर ट्यूना घालून आणतात. घरून थोडी मेतकूट-भाताची सोय आणि लिंबाचं लोणचं न्या, मुक्कामात जिथे किचन असतं तिथे उपयोग होतो.

पायवाट_पुणे
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आईला सगळं वाचून दाखवलं. घंटेचं ऐकून तिचे डोळे भरून आले, म्हणाली हवा वाईट असेल तर आपण खालूनच जाऊ, मला चालेल. ठरलं, ओरिसॉनला मुक्काम, दोन दिवसांत खिंड, उतार इबान्येतावरून. आजपासून तळजाईवर दोन काठ्या घेऊन उतरायची प्रॅक्टिस सुरू. एकच विचारायचं राहिलं, ओरिसॉनला जेवताना प्रत्येकाला उभं राहून आपण का चालतोय ते सांगायला लावतात असं वाचलं, आईला इंग्रजी फार येत नाही, ती आत्तापासूनच घाबरलीये.

घाटवाट
हो, लांब टेबलांवर सगळे एकत्र जेवतात आणि मग एकेक जण उठून बोलतो. माझ्या वेळी एक कोरियन आजोबा त्यांच्या भाषेतच बोलले, आमच्यापैकी कोणालाही शब्द कळला नाही आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या. काकूंना मराठीत बोलू दे, तू मागून दोन वाक्यांत सांग. आणि बुकिंगचा मेल आजच टाक, जागा थोड्या आहेत, मे च्या तारखा फार लवकर भरतात, व्हेज जेवण हवंय तेही त्यातच लिही.