मदत हवी आहे: हॅनफर्डचा बेसॉल्ट, तिथला पाऊस आणि माझा सेमिनार

नमस्कार मंडळी,

पुण्यात भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे. पुढच्या आठवड्यात सेमिनार, आणि विषय मीच हौसेनं ओढवून घेतलाय. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला अणुकचरा काचेत गोठवण्याचा प्रकल्प आहे, तिथली जमीन आणि हवामान कसं तपासलं ते सांगायचंय. हॅनफर्डच का, तर तेही आपल्यासारखंच लाव्हाच्या थरांवर बसलंय. वर हिमयुगातल्या महापुरांनी आणून टाकलेली वाळू आणि गोटे, आणि त्यात पुरलेल्या 177 टाक्यांत सुमारे 21 कोटी लिटर कचरा.

दोन ठिकाणी गाडी अडलीय.

प्रकल्पाचं बांधकाम 2002 मध्ये सुरू झालं. 2005 मध्ये भूकंपाच्या हादऱ्याचा अंदाज जवळपास 40 टक्क्यांनी वाढवला, काम रखडलं. मग बोअर मारले आणि 2007 मध्ये आकडा परत खाली. जमीन तीच, मग हे वरखाली कसलं?

दुसरं, तिथे वर्षाचा पाऊस जेमतेम 17-18 सेंमी. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिमी पडला, म्हणजे हॅनफर्डचा पाच वर्षांचा पाऊस एका दिवसात! भूजलही खूप खोल. तरी घाण तिथवर पोचली कशी? सर हेच विचारणार, त्यांचा चेहरा आत्ताच दिसतोय.

जाणकारांनी कृपया सांगा. विकिपीडिया वाचून झालाय.

बोअरवाला:
घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात दोन लाव्हाथरांच्या मध्ये तांबडी पट्टी पाहिली असेलच. बेसॉल्टवर हातोडा मारला की खणकन वाजतो, तांबडं नखानं उकरता येतं. हॅनफर्डलाही थरांच्या मध्ये मऊ गाळ आहे, फक्त पुष्कळ जाड. कंपलहर कडक, मऊ, परत कडक अशी वर येते आणि प्रत्येक सांध्यावर तिचा काही भाग मागे फिरतो. किती, ते दोन्हींतल्या वेगाच्या फरकावर. मुळातला हिशोब कॅलिफोर्नियातल्या खोल मातीच्या जागांवरून उसना घेतलेला. त्यावर शंका निघाल्या, आणि प्रकल्पाच्या जागेखालच्या थरांतले वेग नीट मोजलेले नव्हते, म्हणून 2005 मध्ये हात राखून आकडा वाढवला. मग सुमारे 400 मीटर खोल बोअर मारून वेग मोजले, तेव्हा जास्तीची भीती उतरली. स्लाइडवर डावीकडे थर, उजवीकडे खोलीनुसार वेगाचा आलेख, एवढंच ठेवा.

वाऱ्यावरची:
ताई, सरासरी सोडा, पाऊस पडतो कधी ते बघा. तिथे तो मुख्यतः हिवाळ्यात. ऊन नाही, झाडं निजलेली, वाफ होऊन जाणार किती? त्यात टाक्यांवरचं आवार खडीचं, गवताची काडी उगवू देत नाहीत. त्यामुळे पडलेलं बरंचसं पाणी खाली मुरतं. पण खरी वाट पावसानं नाही, माणसांनी पाडली. कित्येक वर्षं तिथल्या प्लुटोनियमच्या कारखान्यांचं दूषित पाणी चरांत आणि खड्ड्यांत सरळ सोडलं, इतकं की भूजलाची पातळीच वर आली. टाक्याही गळल्या. पाऊस फक्त ते सगळं मागून ढकलतोय.

आणि वारा विसरू नका. हॅनफर्डचं हवामान केंद्र 1944 पासूनचं, मनोरा 122 मीटरचा. डिसेंबर 1949 मध्ये तिथे ‘ग्रीन रन’ नावाच्या प्रयोगात मुद्दाम किरणोत्सारी आयोडीन हवेत सोडलं. नेमकं तेव्हाच हवामान फिरलं, आणि विरून जायचं ते आसपासच्या मुलखात बसलं. भूशास्त्रात वारा कशाला, असं सरांनी म्हटलंच तर हे ऐकवा.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार! रविवारी घाटात जाऊन फोटो काढते, स्लाइडला होईल. एक शेपूट राहिलं: आपला तांबडा थर कुठे वीतभर, कुठे फार तर दोन-तीन मीटर. तेवढ्यानं कंपलहरीला काय फरक पडणार?

बोअरवाला:
लांब लहरींना तो दिसतही नाही, झपाट्याच्या बारीक कंपनांना थोडाफार. पाण्याला मात्र दिसतो. गेल्यासारखं तांबड्या पट्टीची वरची कड नीट बघा, पाझर बहुधा तिथेच फुटलेला असेल. फोटो त्याचा काढा.