सहा महिन्यांसाठी जर्मनीला जाऊ का? सेमिस्टर वाया गेलं तर?

राजारामपुरीची पोरगी

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. कॉलेजच्या करारातून जर्मनीतल्या एका विद्यापीठात एक सेमिस्टर करायला माझी निवड झालीय. ऑक्टोबरला जायचं. तिथली ट्यूशन फी माफ, राहणं, खाणं, विमान आपलं. पप्पांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. आधी 'बिनधास्त जा' म्हणाले, पण व्हिसासाठी सहा लाखांच्या आसपास रक्कम खात्यात दाखवायची हे कळल्यापासून जेवताना गप्प असतात. आजी म्हणते, पोरगी तिकडं खाणार काय? मला स्वतःला भीती वेगळीच आहे: परत आल्यावर इथं ते सेमिस्टर धरलं नाही तर? कोणी एक्स्चेंजवर जाऊन आलंय का? खरं काय ते सांगा.

मावळतीचा_पाहुणा

एवढे पैसे घालायचेच तर मास्टर्सलाच जा की. सहा महिन्यांत फोटो तेवढे होतात.

पेठेतला_लेफ्ट_बॅक

वरच्या साहेबांचं मनावर घेऊ नकोस. मी २०२३ च्या ऑक्टोबरात ड्रेस्डेनला गेलो, मार्चात परत आलो. फोटो चाळीसेक असतील, त्यातले निम्मे बर्फाचे.

आधी पैशाचं, कारण तुझ्या पप्पांच्या जागी माझे आबा होते. ते सहा लाख खर्च होत नाहीत. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे पैसे तुझेच, फक्त दर महिन्याला ठरलेला हप्ता सुटतो. माझ्या वेळी महिना ९३४ युरो धरायचे, नंतर ९९२ झाले. सहा महिन्यांचे ५,९५२. मी काटकसरीनं राहिलो आणि उरलेले घेऊन आलो. आबांना मी कागदावर 'ही मुदत ठेव, हा खर्च नाही' असं लिहून दाखवलं तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. एक मात्र ध्यानात ठेव: तिथं पोचून पत्ता नोंदवायचा, बँकेत खातं उघडायचं, मग पहिला हप्ता. तोवर खिशात रोख लागते. खोलीचं डिपॉझिटही त्याच आठवड्यात मागतात. आणि पत्ता नोंदवला की थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी. मला वाटलं कुणीतरी फसवतंय, पत्र टोपलीत टाकलं. मग स्मरणपत्र आलं. वर्गणी एका घरामागे एकच असते, चौघं राहत असाल तर वाटून घ्या.

आता तुझा खरा प्रश्न. सेमिस्टर वाया जाऊ शकतं. माझा एक पेपर गेला.

झालं असं. जायच्या आधी 'लर्निंग ॲग्रीमेंट' भरतात: तिथले कोणते विषय, त्याबदल्यात इथले कोणते माफ. त्यावर तुझी, तिकडची, इकडची अशा तिघांच्या सह्या. माझे चार विषय ठरले होते. तिथं गेल्यावर कळलं की त्यातला एक फक्त उन्हाळी सेमिस्टरलाच शिकवतात. मी दुसरा विषय घेतला आणि इथल्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "घे रे, बघू नंतर." हे 'बघू' मला पुढं पाच महिने पुरलं. परत आल्यावर सर बदललेले, कागदावर जुनाच विषय, नव्यावर सही कुणाचीच नाही. त्या विषयात मला तिकडं १.७ होते, म्हणजे चांगले, त्यांच्याकडं १.० सर्वात वर, ४.० पास आणि ५.० नापास. (आबांनी निकाल बघितला आणि "दोन पण नाहीत?" म्हणून दिवसभर बोलले नाहीत.) तरी तो पेपर मी इथं ज्युनिअरांच्या मागं बसून पुन्हा दिला. सुपरवायझरनं विचारलं, "बॅकलॉग का?" काय सांगणार?

म्हणून विषय बदलला की त्याच आठवड्यात सुधारित फॉर्म, तिन्ही सह्या, पीडीएफ स्वतःकडं. फोनवरचा होकार कुणी वाचत नाही. आत्ताच त्यांच्या हिवाळी सेमिस्टरची विषययादी उघड आणि आपले विषय त्यात आहेत का बघ. क्रेडिटचा आकडाही सरळ जुळत नाही. तिकडं सेमिस्टरला साधारण ३० धरतात, एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचा अभ्यास. आपला हिशेब वेगळा. कशाला किती, हे इथल्या विभागाकडून लेखी घे.

दुसरी गोची तारखांची. हिवाळी वर्ग ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतात, फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात, त्यानंतर परीक्षा. इथलं पुढचं सेमिस्टर तोवर जानेवारीतच सुरू झालेलं असतं. हजेरीचं काय करणार, हे जायच्या आधी विचार, आल्यावर नको. माझी हजेरी माफ झाली, पण दीड महिन्याच्या वह्या उतरवून काढल्या त्या मीच.

एकटेपणाचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार. वर्गातली मुलं वाईट नाहीत, पण लेक्चर संपलं की टेबलावर टकटक करून, तीच त्यांची टाळी, निघून जातात. मी महिनाभर खोलीत बसून लॅपटॉपवर शाहू स्टेडियमचे सामने बघितले. शेवटी विद्यापीठाच्या फुटबॉल गटात नाव घातलं. पहिल्या दिवशी मी आपल्या तालमीच्या सवयीनं असा काही घुसलो की समोरचा आडवाच झाला. सगळे थांबले. मी म्हटलं, झालं, उद्यापासून बंद. तो उठला, हसला आणि विचारलं, कुठून आलास? त्याच्याच स्वयंपाकघरात पुढं मी पांढरा रस्सा केला, नारळाच्या डबाबंद दुधात. बेताचा झाला. पातेलं मात्र पुसून खाल्लं.

तुला खेळ नसेल तर गाणं बघ, सायकल बघ. पण पहिल्या दोन आठवड्यांत.

गंगावेशची_काकू

बाळ, आजीला सांग, कांदा-लसूण चटणी नेता येते. माझ्या मुलीनं दोन किलो नेली, डब्याला तीन पिशव्या घालून, तरी बॅगेतल्या स्वेटरला वास लागला तो लागलाच. तूप मात्र देऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नि मटण नेऊ देत नाहीत. आम्ही घरचं कढवलेलं साजूक तूप दिलं, विमानतळावर टाकावं लागलं. पोरगी फोनवर रडली, मी पण.

आणि फोनची वेळ ठरवून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ बदलतं. साडेतीन तासांचा फरक साडेचारचा होतो. आम्हाला माहीत नव्हतं, आठवडाभर पोरगी झोपेतून उठून बोलत होती.

मावळतीचा_पाहुणा

लेफ्ट बॅक, बरं लिहिलंस. पण शाहू महाराज शिष्यवृत्तीचं बघितलं का तिनं?

पेठेतला_लेफ्ट_बॅक

राज्याची ती परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे आणि पूर्ण पदवीसाठी, मास्टर्स-पीएचडीला. एका सेमिस्टरला चालणार नाही. एरास्मसचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेचा, निधी करारात आहे का हे मात्र कॉलेजला विचार. असला तर विमानाचा खर्चही मिळतो.

राजारामपुरीची पोरगी

सगळ्यांचे आभार. यादी उघडली. माझ्या पाचपैकी दोन विषय उन्हाळीतच आहेत! उद्या अकराला विभागात जातोय, सरांकडनं 'बघू' घेत नाही, सहीच घेतो. पप्पांना मुदत ठेवीचं सांगितलं. "मग आधी का नाही बोललीस?" म्हणाले आणि दुसरी भाकरी घेतली.

आजी चटणी कुटायला बसली आहे. ऑक्टोबर लांब आहे म्हटलं तर ऐकत नाही.